चौथी जागा

माणसं गाडी घ्यायला गेली की रंग बघतात, आरशात आपलंच तोंड बघतात. मालनआक्का गुरव कराडच्या शोरूममध्ये शिरली ती सरळ खाली वाकली आणि तिनं गाडीच्या पोटाखाली डोकावलं. म्हैस घेताना कास बघावी तसं. शोरूममधल्या पोरांनी एकमेकांना कोपरं मारली. मारू देत. पाथरवाडीच्या जाखाईचा मान ज्या घरात, त्या घरची ती थोरली. नवरा गेल्यावर देवीचा सगळा कारभार तिनं एकटीनं ओढला. तिसरीपुढं शाळा बघितली नव्हती, पण ती आली की गावचा तलाठीसुद्धा खुर्ची सोडायचा.

"इंजिन कुठाय हिचं?"

"इंजिन नाहीच, आजी. चार चाकांत चार मोटरी. चालवायलाही कुणी लागत नाही, गाडी आपली आपण जाते." बोलणारी होती कंपनीची इंजिनिअर, शिरीन बागवान. कोवळी पोरगी, पण नजर सरळ.

"आजी कुणाला म्हणतीस गं? आजी म्हणायला माझ्या घरात अजून कुणी रांगत न्हाई. आक्का म्हण."

हे बोलताना तिनं मागं उभ्या असलेल्या सुनेकडं, प्रांजलकडं, बघितलंसुद्धा नाही. बघायची गरजच नव्हती. असलं बोलणं जिथं पोचायचं तिथं बरोबर पोचतं. मुलगा हर्षल तेवढा गाडीच्या दारावरून हात फिरवत होता, नवरीच्या शालूवरून फिरवावा तसा.

गाडी हवी होती देवीसाठी. दर चैत्रात जाखाई आंबवणीचा घाट चढून माथ्यावरच्या सपाट सड्यावर राहणाऱ्या थोरल्या बहिणीला, वाघजाईला भेटायला जायची. एके काळी डोक्यावरून, मग बैलगाडीतून, मग जीपमधून. वाहन बदललं तरी रीत तीच. देवीच्या मुखवट्याला पाठ करून कुणी बसायचं नाही, म्हणून ती सगळ्यांच्या पुढं. आणि एकदा निघाली की पोचेपर्यंत ती वाटेत टेकत नाही. चहाला नाही, पाण्याला नाही, चार्जिंगला तर नाहीच नाही.

"मग छोटी बॅटरीसुद्धा पुरेल," शिरीन म्हणाली. "चढताना वीज जाते. उतरताना चाकंच मोटरींना फिरवतात आणि वीज परत बॅटरीत येते. गाडीही त्यानंच आवरली जाते. घाट घेतलेलं परत देतो, आक्का."

"परत देतो म्हणून घाटाला कुणी उसनं देतं का? मोठी दाखव."

"मोठीनं वजन वाढतं. गाडीच्या वजनाला हद्द आहे. तेवढं वजन दुसरीकडून काढावं लागेल."

"काढ की मग. गप्पा कशाला?"

"कवचातून काढावं लागेल."

शिरीननं एक वाडगा आणला. आत पांढरं, दाट, पिठाच्या कालवणीसारखं काहीतरी होतं. "बोट हळू घाला." मालनचं बोट दुधात जावं तसं गेलं. "आता मूठ मारा." मालननं कांदा फोडावा तशी मूठ हाणली आणि मनगटापर्यंत झिणझिण्या आल्या. वाडग्यातलं कालवण फरशीसारखं टणक झालं होतं. मूठ उचलली, पुन्हा पातळ.

"याच जातीचा माल गाडीच्या भिंतींत भरलाय, छोट्या छोट्या कप्प्यांत. विजेचा झटका दिला की तो कप्पा दगड होतो, नाही दिला तर लोण्यासारखा मऊ. गाडीला डोळे आहेत. धडक चुकवता येणार नाही हे तिला आधी कळतं. तेवढ्या वेळात ती ठरवते, कुठला कप्पा दगड करायचा आणि कुठला मऊ ठेवायचा."

"सगळेच दगड करायचे. त्यात ठरवायचं काय?"

"मग आतली माणसं त्या दगडावर आपटून जातील. पळत्या गाडीत जो जोर असतो ना, आक्का, तो आपल्या आपण नाहीसा होत नाही. तो कुठंतरी जिरावाच लागतो. एक बाजू चुरगळते म्हणून दुसरी राहते. छोट्या बॅटरीच्या गाडीला पुढं-मागं रिकामे कप्पे आहेत, जोर तिथं जिरतो, चौघंही वाचतात. मोठी बॅटरी घेतली की ते कप्पे जातात. मग तीनच जागा पक्क्या राखता येतात."

"आणि चौथी?"

शिरीननं वाडगा बाजूला सरकवला. "चौथ्या जागेत जिरतो."

हर्षल म्हणाला, "आई, छोटीच घेऊ या." त्याचं बोलणं नेहमीसारखं अर्ध्यातच विरलं, कारण आई त्याच्याकडं बघत होती.

"मागल्या साली सड्यावर दोन दिवस वीज न्हवती. देवी काय तिथंच बसवून ठिवायची, चार्जिंग व्हईस्तोवर? मोठीच घ्यायची. बोल पोरी, पुढं काय?"

"क्रम तुम्ही द्यायचा. कंपनीनं ठरवायचं नाही असा कायदा आहे. एकदा दिला की त्या त्या जागेला पक्का होतो. त्या जागेवर कोण बसलंय याच्याशी गाडीला देणंघेणं नाही."

"त्यात इचार कसला. पुढची डावी देवीची, तिचा पयला मान. पुढची उजवी दुसरी, हर्षलची. मला येकच पोरगा हाय. त्याच्या मागली तिसरी, माझी."

"पण आक्का, पहिल्या जागेवर तर चांदीचा मुखवटा असेल. ती जागा राखण्यात..."

"चांदीचा मुखवटा तुला. आमची ती आई हाय. दे हिकडं, अंगठा कुठं लावायचा?"

देवीच्या मागची, डाव्या कोपऱ्यातली जागा कुणाची, ते कुणी विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही. प्रांजल मागं उभी होती. 

*

चैत्रातल्या अष्टमीला गाडी निघाली तेव्हा सगळी पाथरवाडी वेशीपर्यंत आली. पुढं डावीकडं जाखाई, हळदीकुंकवानं माखलेली, हिरवं पातळ नेसलेली, पट्ट्यानं आवळलेली. शेजारी हर्षल. मागं मालन, आणि तिच्या शेजारी ओटीची परडी मांडीवर घेतलेली प्रांजल. मुखवट्याला हात लावायचा तो थोरलीनं. सुनेनं परडी धरायची.

घाट निम्मा चढेपर्यंत मालन खुशीत होती. आवाज नाही, धूर नाही, धक्का नाही. मग तिच्या लक्षात एक गोष्ट आली. आधी वाटलं, आपल्याला चक्कर येतेय.

समोरून वाहन आलं की गाडी अंग फिरवायची. थोडंसंच. पाण्यात म्हशीनं पुठ्ठा वळवावा तसं. एकदा उसाची ट्रॉली आली, गाडीनं तोंड आत घेतलं आणि मागचा डावा कोपरा पुढं केला. एकदा वळणावर दगड पडलेले होते, तेव्हाही तसंच. दर वेळी डावाच कोपरा. दर वेळी प्रांजलच्या खांद्यावरचा पट्टा करकचून आवळायचा आणि मग सैल व्हायचा. बाकी कुणाचाच नाही.

प्रांजलनं परडी घट्ट धरली होती. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"काय गं, गाडी लागतीय का?"

"नाही आत्या." सासूला आत्या म्हणायची त्यांच्याकडची रीत. "गाडी लागत नाहीय. ती मला पुढं करतेय."

तेवढ्यात वरच्या वळणावरून सिमेंटचा ट्रक आला, आपली बाजू सोडून. हर्षल ओरडला.  गाडी आडवी झाली, आख्खीच्या आख्खी, आणि प्रांजलची खिडकी ट्रकच्या तोंडापुढं आली. खिडकीच्या चौकटीत फक्त ट्रकची जाळी दिसत होती, जाळीत अडकलेले मेलेले किडे दिसत होते. प्रांजलच्या बाजूची भिंत हळूच मऊ पडली, कणकेच्या गोळ्यासारखी आत सरकली आणि तिच्या कोपराला टेकली. बाकीच्या तिन्ही बाजूंनी टक्‌ टक्‌ टक्‌ आवाज आला. दगड झाल्याचा.

ट्रकवाल्यानं कसाबसा वळवला. वारं जावं तसा तो गेला. गाडी परत सरळ झाली, भिंत पूर्ववत फुगली, आणि बाईमाणसाचा गोड आवाज आला, "अडथळा टळला आहे. प्रवास सुरू आहे."

 पुढं जाखाई तशीच बसली होती, मोठे डोळे उघडे. मालनला पहिल्यांदाच त्या डोळ्यांकडं बघवेना.

गाडी चुकली असती तर मालननं तिला शिव्या घातल्या असत्या. पण गाडी चुकली नव्हती. अंगठा लावून सांगितलेलं काम ती चोख करत होती, आणि मालनला भीती वाटली ती याचीच.

*

सड्यावर वाघजाईच्या देवळात दोघी बहिणी समोरासमोर बसल्या, ओट्या भरल्या, ढोल वाजले. मालन यंत्रासारखी सगळं करत होती. नैवेद्य झाल्यावर देवळामागच्या फणसाखाली प्रांजल हात धुताना तिला गाठ पडली.

"मी येष्टीनं खाली जाते," प्रांजल म्हणाली.

"परडी कोण धरंल? अन् लोक काय म्हंतील? गुरवांची सून देवीला सोडून येष्टीनं गेली?"

"आत्या, मी काय विचारते त्याचं खरं सांगा. माझ्या पोटात काही असतं तर मला तिसरा नंबर मिळाला असता का?"

मालननं तांब्या उचलला, परत खाली ठेवला. 

"का तेव्हाही चौथाच?" प्रांजल हात झटकत म्हणाली. "परडी धरायला माझ्या जागी कुशन ठेवलं तरी चालेल की देवीला."

"जिभेला हाड हाय का न्हाई तुझ्या!" मालन उसळली. खरं तर ती भ्यायली होती, पण भ्यालेलं दाखवणं तिच्या कुंडलीतच नव्हतं. "येवढं वाटतंय तर माझ्या जागंवर बस. मी बसते तुझ्या. बघू कुठला वाघ खातोय मला."

"बसा," प्रांजल म्हणाली. एवढंच. 'नको आत्या, तुम्ही कशाला' असं काहीच नाही.

गाडीपाशी आले तर सड्याचे मानकरी, रघुतात्या, गाडीला वायर लावून उभे. तोंडभर हसत म्हणाले, "भरली आक्का, शिगोशिग. बहिणीच्या दारातनं जाखाई रिकामी जाती व्हय? तांदूळ, खण, अन् आता वीजबी!" भोवतीची माणसं हसली. रीतच होती. ओटी भरायची ती ओसंडेपर्यंत.

आत बसल्याबरोबर गाडी बोलली, "बॅटरी पूर्ण भरलेली आहे. घाट उतरताना तयार होणारी वीज साठवण्यास जागा नाही. निघण्यापूर्वी काही वीज खर्च करावी. वाट पाहावी."

हर्षल म्हणाला, "आई, थोडा वेळ थांबू. हिला सपाटीवर फिरवून आणतो."

"देवीला उचलून गाडीत बसवल्यावर मागं फिरवणार? आन् ओटीतला दाणा कुणी काढून टाकतं का, बावळटा? रघुतात्या काय म्हंतील?"

पडद्यावर हाताचा पंजा उमटला. धोका मान्य असेल तर मालकानं अंगठा लावावा. मालननं मागच्या कोपऱ्यातून हात लांब करून अंगठा लावला. दुसऱ्यांदा.

*

चौथ्या जागेवरून घाट वेगळाच दिसतो.

मालन याच वाटेनं आयुष्यभर येत-जात होती. पण आता दर वळणाला दरी तिच्याच अंगावर यायची. समोरून दुचाकी आली, कोपरा पुढं. गाय आडवी आली, कोपरा पुढं. पट्टा आवळला की बरगड्यांतून श्वास निघून जायचा, आणि सुटला की वाटायचं, चला, या वेळी नाही. मग पुढचं वळण. शेजारी प्रांजल, परडी घेऊन, खिडकीबाहेर बघत होती. तिचा पट्टा सैल होता. सकाळी आपण असंच बसलो होतो, मालनला आठवलं, गार वाऱ्यात, पाय सोडून.

मग गाडीत एकाएकी थंडी वाजायला लागली. एसी भरारा सुटला. भर दुपारच्या उन्हात पुढचे दिवे लागले. कोरड्या काचेवर वायपर खरडायला लागले. गाडीच्या पोटात काहीतरी घुमायला लागलं.

"हर्षल, काय करतीय ही?"

"वीज उधळतेय, आई." हर्षलच्या कपाळावर त्या थंडीतही घाम होता. "उतारावर हिची चाकंच वीज तयार करतात आणि त्यानंच गाडी आवरते. पण भरलेल्या भांड्यात ओतणार कुठं? मग मोटरी गाडी आवरू शकत नाहीत. उरले लोखंडी ब्रेक. ते वजन वाचवायला छोटे ठेवलेत, आणि बॅटरी आपली..."

पुढचं त्यानं सांगायची गरज नव्हती. जळक्या रबराचा वास सगळ्यांच्या नाकात शिरला होता. झाडं मघापेक्षा जोरात मागं पळत होती.

गोड आवाज आला, "ब्रेक क्षमतेबाहेर तापले आहेत. पुढील तीव्र वळणापूर्वी गाडी डोंगराच्या कडेला टेकवून थांबवली जाईल. चौथ्या जागेचे कवच वापरले जाईल. प्रवाशांनी शांत राहावे."

मालनला आधी कळलंच नाही. मग कळलं. तिच्या पाठीमागची भिंत मऊ पडत होती. उबदार, कणकेच्या गोळ्यासारखी, ती तिच्या कंबरेला, खांद्याला येऊन टेकत होती. जागा करून घेत होती. जोर जिरवायला.

तिला ओरडायचं होतं. तोंडातून आवाज निघाला तो मांजराच्या पिलासारखा. सगळ्या पाथरवाडीला धाकात ठेवणारी बाई, तिच्या पायांवरून गरम पाणी वाहिलं आणि तिला लाजही वाटली नाही. लाज वाटायला आत कुणी उरलंच नव्हतं. उरला होता फक्त जीव, उंदरासारखा धडपडणारा.

"आत्या, पट्टा काढा! पुढं जा!" प्रांजल ओरडत होती.

"पुढं... पुढं देवी हाय..."

"देवीला मी घेते मांडीवर! तुम्ही तिच्या जागेवर बसा, चौथी रिकामी करा!"

एवढं सोपं होतं. तीन माणसं, तीन राखलेल्या जागा. मुखवटा कुणाच्याही मांडीवर मावला असता. शोरूममध्ये हे कुणाच्या डोक्यात आलं नाही, कारण देवी कुणाच्या मांडीवर बसत नाही. कधीच बसली नव्हती.

प्रांजलनं परडी फेकली आणि पुढं वाकून मुखवट्याच्या पट्ट्याला हात घातला.

"हात लावू नगंस!" मालनच्या तोंडून निघालं. भीतीनं मेलेल्या तोंडातूनही ते निघालं, जणू ते तिचं नव्हतं, तिच्याआधीच्या सगळ्या थोरल्यांचं होतं. प्रांजलचा हात जागीच थांबला. सासूचा शब्द मोडायची सवय तिलाही नव्हती. बाहेर डोंगराचा काळा कातळ जवळ येत होता. गाडीनं शेपूट फिरवायला सुरुवात केली होती.

त्या थांबलेल्या हाताकडं मालन बघत राहिली. पोरीनं एका शब्दावर हात थांबवला होता. आपल्या शब्दावर कुणाकुणाचे हात असे थांबत आले, ते एकाएकी तिला दिसलं, आणि कातळापेक्षा त्याचीच भीती जास्त वाटली.

"उचल!" ती किंचाळली. "उचल तिला, प्रांजल! उचल गं बाई!"

प्रांजलनं मुखवटा ओढला, हिरव्या पातळासकट छातीशी धरला आणि मागं कोसळली. हर्षलनं आईचा पट्टा सोडला, काखेत हात घालून तिला दोन बैठकांच्या मधून खेचलं. गुडघा कशावर तरी फुटला. पुढच्या जागेवर ती तोंडावर पडली, वळली, आणि तिच्याभोवती टक्‌ टक्‌ टक्‌ झालं.

मग आवाज. पत्रा फाटल्याचा नाही, लाकूड मोडल्याचाही नाही. ओला मोठा कागद कुणीतरी दोन्ही हातांनी चुरगळावा तसा.

मग काहीच नाही. फक्त वायपर, कोरड्या काचेवर.

मालनला मान फिरवता येईना. पदर मागं ताणला गेला होता. कसाबसा तिनं डोळा वळवला. मागचा डावा कोपरा उरलाच नव्हता. छत, दार, बैठक, सगळं मिळून एका पोत्याएवढं झालं होतं, आणि तिच्या पदराचं टोक त्यात गेलं होतं. ओढून निघण्यासारखं नव्हतं.

"हर्षल?"

"आहे, आई."

"प्रांजल?"

उत्तर यायला वेळ लागला. तेवढ्या वेळात मालन जेवढी भ्यायली, तेवढी मघाही भ्यायली नव्हती.

"आहे. दोघी आहोत," मागून आवाज आला.

हर्षलनं पदर फाडून तिला सोडवलं.

*

रस्त्याकडेला तिघं बसली होती. प्रांजलच्या मांडीवर जाखाई, पातळ विस्कटलेलं, कुंकू प्रांजलच्या सगळ्या अंगाला लागलेलं. मालनच्या अंगावर फाटका पदर. 

खालून कोंबड्यांच्या रिकाम्या खुराड्यांनी भरलेली जुनी जीप आली. असल्या जीपा आता भंगारातही दिसत नाहीत. चालवणारा म्हातारा उतरला, गाडीचा तो कोपरा बघून त्यानं तोंडावर हात ठेवला.

"आरारारा. त्यात कोण व्हतं?"

"कुणी न्हाई," मालन म्हणाली.

म्हाताऱ्यानं जीप वळवून घेतली. मग त्याचं लक्ष प्रांजलच्या मांडीकडं गेलं आणि त्यानं चपला काढल्या. "ही तर जाखाई! आक्का, सुनंच्या मांडीवर? तुमी घ्या की. अन् देवीला घिऊन तुमी पुढं बसा, मानानं."

मालन जीपच्या दाराशी उभी राहिली. पाय उचलेना. आत नुसता पत्रा होता, गंजलेला, भोकं पडलेला. डोळे नाहीत, कान नाहीत, बोलणं नाही.

"दादा," तिनं विचारलं, "हिच्यात कुठली जागा कुणाची?"

"जागा म्हंजे?" म्हातारा गोंधळला. "बसा की कुटंबी. उलटली तर समद्यांचीच बोंब."

मालनचा आवाज चिरकला, पण निघाला. "देवी हाय तिथंच राहील. तिच्याकडं."

ती चढली ती मागच्या फळीवर, खुराड्यांच्या वासात. प्रांजल शेजारी बसली, मुखवटा छातीशी धरून. हर्षल पुढं म्हाताऱ्यापाशी. जीप खडखडत उतरायला लागली. पहिल्याच वळणाला मालननं डोळे मिटून घेतले आणि वाट बघितली, पट्टा आवळायची. पट्टा नव्हताच. हातानं काहीतरी धरावं म्हणून ती चाचपत होती. प्रांजलनं तिला हात दिला नाही. तिचे दोन्ही हात देवीला धरण्यात गुंतले होते.

मालन म्हणाली, "बोल की काहीतरी. शिव्या घाल."

 एक वळण गेलं. आणखी एक गेलं.

"त्या दिवशी शोरूममध्ये मी तुमच्या मागंच उभी होते, आत्या," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. असता तर मालनला बरं वाटलं असतं. "एकदा मागं वळून नुसतं विचारलं असतं, तर चौथ्या जागेलाही मी हो म्हणाले असते."